न बोलावलेल्या सुया

कापडाचा गठ्ठा काखेत मारून मोएरोआ जेव्हा तेपाएरू आजीच्या पायरीशी उभी राहिली, तेव्हा आजी खवणीवर बसून नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही. कापड मात्र तिला दिसलं.

"कुणाचं?" तिनं विचारलं.

पॅसिफिक समुद्रातल्या सगळ्या माऊके बेटावर गोधडीचं कापड कापणारी आता ती एकटीच उरली होती. शिवणाऱ्या पुष्कळ होत्या. पण कापडाची चौघडी करायची, ती पुन्हा तिरकी दुमडायची, त्या जाड घडीत नुसत्या डोळ्यांनी फूल-पान पाहायचं आणि कात्री चालवायची; घडी उलगडली की चारी अंगांनी अनंत फुललेला! हे देणं देवानं तिच्याच बोटांत ठेवलं होतं. मात्र गोधडी कुणासाठी हे कळल्याशिवाय आजी कात्रीला हात लावत नसे. लग्नाची फुलं निराळी, शेवटच्या निरोपाची निराळी.

"बाळासाठी," मोएरोआ म्हणाली.

"ते तुझ्या तोंडावरच दिसतंय. कुणाच्या बाळासाठी?"

मोएरोआच्या ओठांपर्यंत शब्द आला आणि तिथूनच माघारी गेला. "देवाच्या," ती म्हणाली.

"देवाला गोधडी लागते होय गं? ह्या उकाड्यात?"

मोएरोआ हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. आजीनं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, हात पुसले आणि ओटीवर पांढरं कापड पसरलं. "अनंत कापते. फुलं थोडी, पानं पुष्कळ. पानांच्या टोकाला तुझी सुई बरी चालते." कात्री चालली. पांढऱ्या कापडाचे कपटे ओटीभर उडाले. लाल कापडावर अनंताची जाळी अंथरून दोघींनी ती कच्च्या टाक्यांनी धरून ठेवली. सगळं घडी करून हातात देताना आजी म्हणाली, "बायांना कधी बोलावतेस?"

"बघू."

"बघू काय, बघू? एकटीनं शिवायची वस्तू आहे का ती?"

नव्हतीच. तिथली रीत अशी, की ज्या घरी गोधडी निघाली त्या घरच्या बाईनं दारोदार जाऊन बोलावणं करायचं. मग बाया सुया घेऊन येणार, चहूबाजूंनी बसणार. पण पहिला टाका घालण्याआधी प्रार्थना. त्या प्रार्थनेत गोधडी कुणाची, कुणाच्या घरची, ते नाव घेऊन देवाला सांगायचं आणि मगच दोरा ओवायचा. न बोलावता दुसऱ्याच्या गोधडीला सुई लावायची नाही. कितीही जिवाभावाची असली तरी नाही.

आणि मोएरोआचं सारं घोडं तिथंच अडलं होतं. देवासमोर उभं राहून "हे माझ्या मुलासाठी" असं म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. थंडीच्या दिवसांत तिची भाची अकाइती ऑकलंडहून आली होती, थोरल्या मुलाचे केस कापायच्या समारंभाला. अकाइती म्हणजे मोएरोआच्या बहिणीची मुलगी. बहीण तिकडेच गेली, तिकडेच वारली; मुलगी तिथंच जन्मून तिथंच वाढली. बेटाची बोली तिला येत होती, पण पाय भिजू नयेत म्हणून उड्या मारत ओढा ओलांडावा तशी ती बोलायची. केस कापून झाले, जेवणाच्या चटया पडल्या, खड्ड्यात भाजलेलं डुक्कर निघालं, अळूची पानं नारळाच्या दुधातनं वाफाळत आली. पण त्या भुंड्या डोक्याच्या पोरानं तोंड उघडायचं नाव घेतलं नाही. आई ओरडली, बाप ओरडला. मग मोएरोआनं अळूच्या कंदाचे चिमुकले गोळे केले, नारळाच्या दुधात बुडवले आणि "ही होडी कुठं चालली?" म्हणत एकेक भरवत सुटली. पोरानं ताटली रिकामी केली.

"बघा बघा!" अकाइती मोठ्यानं म्हणाली. तिला तेव्हा नुकते दिवस गेले होते. पोटावर हात ठेवून ती सगळ्यांसमोर बोलली, "मी दिवसभर ह्याच्यामागे धावते आणि हा तोंड शिवून बसतो. मावशी, हे पोटातलं आलं ना, की तूच भरव गं बाई. तुझंच हे."

तरुण मंडळी खदखदून हसली. म्हातारी माणसं हसली नाहीत. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग मोएरोआकडे पाहिलं.

कारण भरवणं हा त्या बेटावर साधा शब्द नाही. एका घरी जन्मलेलं मूल दुसऱ्या घरी वाढवायला दिलं की त्याला भरवलेलं मूल म्हणतात. ते कायमचं त्या घरचं होतं. कागद नाही, साक्षीपुरावा नाही. भरल्या पानावर, पोटावर हात ठेवून शब्द दिला की झालं. मोएरोआ स्वतः भरवलेलीच. मावशीकडे वाढली, मावशीलाच आई म्हणाली, मावशीच्याच कबरीवर अजून फुलं ठेवत होती. तिला स्वतःला मूल झालं नाही. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती.

अकाइतीला ह्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बोलून झाल्यावर तिनं आणखी मासळी मागून घेतली.

मोएरोआनं मात्र तो शब्द उचलला, पदराआड दिवा धरावा तसा धरला आणि घरी नेला.

गोधडी ती मांडीवर घेऊन शिवायची. एका वेळी वीतभर कापड पुढे ओढायचं, पानाची कड सुईच्या टोकानं आत दुमडायची आणि टाका असा घालायचा की तो दिसूच नये. शिवताना ती बोलायची. "हे पान झालं हं तुझं. आता शेजारचं. रडायचं नाही, दोरा संपलाय फक्त." बोलता बोलता एकदा ती दचकून गप्प झाली आणि दाराकडे पाहून आली. दारात कोंबडी होती.

संध्याकाळ झाली की प्रार्थनाघरामागच्या शाळेतून गाण्याचा आवाज यायचा. त्या वर्षी मोठा मेळा भरायचा होता. त्या मेळ्याची गोडी काय सांगावी! पाद्री धर्मग्रंथातला एक प्रश्न घालून देतात आणि गावोगावचे लोक त्याचं उत्तर गाऊन देतात. निरूपणच ते, पण पुरुषांचा खर्ज खालून समुद्रासारखा घुमतोय, मधे बाया पालुपद धरून आहेत आणि सगळ्यांच्या माथ्यावरून एका बाईचा उंच सूर घारीसारखा फिरतोय. देव कान देऊन ऐकत असेल तर तो अशा वेळीच ऐकत असेल. त्या वर्षीचा प्रश्न होता, विहीर खणली कुणी आणि पाणी प्यालं कोण? आणि गावचा उंच सूर लावणारी बाई होती मोएरोआ. ही गोधडी हाती घेतल्यापासून ती तालमीला गेली नव्हती. खिडकीतून गाणं ऐकू यायचं. सगळं असायचं, वरचं मात्र मोकळं. तिच्या जागी कुणी दुसरी उभी केली नव्हती. मोएरोआ त्या मोकळ्या जागेवर मनातल्या मनात सूर ठेवायची आणि टाका घालायची.

आठवड्याचं विमान यायच्या आदल्या दिवशी मात्र तिला बायांत बसावंच लागे. माइरेच्या रानवेलीच्या माळा होनोलुलूला जातात, त्यांची ती गडबड. पहाटे काळ्या धारदार पोवळी खडकांतून वेल आणायची आणि दिवसभर झाडाखाली बसून माळा वळायच्या.

"आलात का राणीसरकार?" तुआइनेनं सुरुवात केली. तुआइने शेजारीण. तोंडाची तिखट, आणि तिखट म्हणूनच सगळ्यांना हवी असलेली. "आम्हाला वाटलं, तुम्ही घरात बसून पोपच्या वरची गादी मिळवताय."

"काम होतं गं."

"हो ना. डोळे बघा कसे झालेत कामानं! वाळलेल्या मासळीसारखे. आणि तिकडे आमच्या गाण्याला छप्परच नाही. परवा तेपाएरू आजीनं वरचा सूर लावला. गावातली कुत्री अजून सापडली नाहीत."

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा लागला होता माझा सूर," आजी माळ वळता वळता म्हणाली.

बाया हसल्या. मोएरोआही हसली. मग सगळ्या थोड्या थांबल्या. कुणाचा हात वेलीवर नुसताच राहिला, कुणी गुडघ्यावरची पानं झटकली. त्या थांबण्यात सगळ्यांचं विचारणं होतं. प्रत्येकीनं त्या जेवणाच्या चटईवर शब्द ऐकला होता, घराघरात सुया तयार होत्या. बोलावणं यायचं तेवढं बाकी होतं. पण मोएरोआला त्या शांततेत तसं काही ऐकू आलं नाही. तिला वाटलं, ह्या मनात म्हणताहेत, ह्या वयात हिला कशाला हवं? तिनं माळेची गाठ मारली आणि दुसरी वेल उचलली.

असंही होतं माणसांचं. दोन्हीकडून दार लोटायची वाट बघायची आणि दार मधे तसंच उभं.

बाळाची बातमी फोनवरच आली. चित्र हललं, थांबलं, मग अकाइतीचा थकलेला, हसरा चेहरा स्थिर झाला.

"मावशी, मुलगी! बघ, बघ कशी आहे."

कांबळ्यात एक लालबुंद तोंड होतं. मोएरोआनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग परत जवळ. "नाक आपलं आहे," ती म्हणाली. दुसरं काही सुचेना.

"नाकाचं काय घेऊन बसलीस! केस बघ ना. अगं, रडतेस काय?"

"नाही गं. धूर आहे इथं." मोएरोआनं डोळे टिपले. इतके महिने मनात घोकलेलं वाक्य मग तिनं अगदी साधेपणानं म्हटलं. "अंगावरचं पाज थोडे दिवस. घाई नाही. मी विमानाचं विचारून ठेवते. न्यायला कधी येऊ?"

"न्यायला? काय न्यायला?"

मोएरोआ नुसती बाळाकडे बघत राहिली.

तिकडे अकाइतीचा नवरा मागून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. अकाइतीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्याखालचं माणूस आत कुठेतरी जेवणाच्या त्या चटईपर्यंत परत जाऊन आलं. आणि तिचा मोकळा हात उठला, बाळाच्या डोक्यावर गेला आणि तिथं झाकणासारखा बसला.

"मावशी," ती म्हणाली, "तेव्हा जेवताना मी जे... मला खरंच माहीत..."

"फसलीस!" मोएरोआ एकदम मोठ्यानं हसली. "शहरातली पोर, लगेच घाबरली बघा! अगं वेडे, ह्या वयात मला लंगोट धुवायची हौस आलीय का? थट्टा केली तुझी. तूच का करायची थट्टा?"

"मावशी! तू पण ना! माझा जीव गेला होता."

"तो परत घे आणि नीट जेव. नाव काय ठेवलंस?"

"सिएना."

"छान आहे," मोएरोआ म्हणाली. तिनं मनात ठरवलेलं नाव दुसरं होतं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

फोन बंद झाल्यावर तिनं गोधडी मांडीवर घेतली. कडेची थोडी पानं तेवढी राहिली होती. तिनं छोटी कात्री घेतली आणि एका पानाचा टाका उसवायला टोक आत घातलं. पण टाके तिचेच. इतके बारीक की दोऱ्याबरोबर कापडही फाटलं असतं. तिनं कात्री ठेवली, गोधडी पेटीत घातली, झाकण लावलं. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर आत नुसता कोरडा खडक. देवावर तिचा राग नव्हता. पण त्या दिवशी त्याच्याशी बोलायला तिच्याकडे एक शब्दही शिल्लक नव्हता.

रविवारी प्रार्थनाघरात बाळ झाल्याचं जाहीर झालं. पांढऱ्या टोप्यांच्या रांगा तिच्याकडे वळल्या आणि लगेच पुढे पाहू लागल्या. ती पहिल्यांदाच नुसतं तोंड हलवून गायली आणि शेवटचं गाणं व्हायच्या आत बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेपाएरू आजी आली. पायरीवर उभी राहून तिनं दोन्ही पंजे उघडून दाखवले.

"बघून घे. सुई आणलेली नाही. नुसती म्हातारी आली आहे."

मोएरोआनं चटई टाकली, शहाळं पुढे केलं. आजीनं ते बाजूला सरकवलं.

"देत नाही का ती?"

"तिला माहीतच नव्हतं, आजी. ती आपली बोलून गेली."

"ती बोलली ते मी ह्या कानांनी ऐकलंय. पोटावर हात होता. भरलं पान होतं. आपल्याकडे ह्याहून पक्कं काय असतं?" आजी पुढे सरकली. "तू नुसतं हो म्हण. उद्या चार वडीलधाऱ्यांना बसवते. तिच्या बापाकडच्यांनाही बोलावते. सगळ्यांनी मिळून निरोप धाडला तर तिला नाही म्हणता यायचं नाही. तिला आहेत दोन. तुला कोण आहे?"

मोएरोआला हो म्हणायचं होतं. खोटं कशाला सांगा, तिच्या अंगातला कण न् कण हो म्हणत होता. निरोप जाईल, अकाइती रडेल, पण रीत ती रीत. मूल येईल, ह्याच चटईवर रांगेल, दारातल्या कोंबडीमागे धावेल. हक्काचं होतं. मागितलं तर पाप नव्हतं. नारळाच्या झावळ्या तेवढ्या वाजत होत्या.

"तिनं डोक्यावर हात ठेवला," शेवटी मोएरोआ म्हणाली.

"कुणाच्या?"

"मुलीच्या. न्यायला येऊ का म्हटलं, तर लगेच. असा." तिनं हवेत हात धरून दाखवला. "तेव्हापासून एकच डोक्यात आहे. मला भरवायला दिलं तेव्हा माझ्या जन्मदातीनं ठेवला असेल का गं असा हात?"

"ठेवला होता," आजी म्हणाली. "मी होते तिथं. पोरगेलीच होते, पण होते."

"मग?"

"मग काढला."

मोएरोआनं खाली पाहिलं. जन्मभर तिनं ज्या बाईकडे मागं वळून पाहिलं नव्हतं, तिचा हात तिला त्या क्षणी दिसला. सावकाश उचलला जाणारा.

"हिला काढायला लावू नका, आजी," ती म्हणाली. "कुणाला बसवू नका. मी शब्द परत दिलाय."

आजीनं नाक ओढलं, शहाळं जवळ घेतलं आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. "आणि गोधडी?"

"अकाइतीच्या मुलीची आहे."

"मग मला काय सांगतेस? जा, दारोदार सांग. तुझं तोंड आहे, तुझे पाय आहेत."

मोएरोआ निघाली. पहिलं दार तुआइनेचं. "उद्या गोधडीला या," एवढंच म्हटलं. तुआइने नेमकं काहीतरी बोलणार होती, पण तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "सुई कधीची चिंधीत खोचून ठेवलीय. गंजायला आली, बाई."

सकाळी बाया आल्या. मोएरोआनं पेटी उघडली, घडी काढून ओटीवर मधे ठेवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेपाएरू आजीनं प्रार्थना सुरू केली. "हे परमेश्वरा, हे काम तुझ्या पायाशी ठेवतो. हे आहे अकाइतीच्या लेकीसाठी, सि... सिने..."

"सिनेमा?" कुणीतरी कुजबुजलं.

"सिएना," मोएरोआ म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, ह्या वेळी स्वच्छ. "सिएना. ऑकलंडच्या अकाइतीच्या घरची."

"ऐकलंस ना, देवा? तीच ती. आमेन."

मग चौघींनी चार कोपरे धरून घडी उलगडली. इतके दिवस गोधडी वितावितानं मांडीवरून सरकली होती. सगळीच्या सगळी तिची तिलाही दिसली नव्हती. लाल जमिनीवर पांढरा अनंत पसरत गेला. चटई संपली, तरी गोधडी संपेना.

"अगं बाई!" तुआइने म्हणाली. "हे बाळाचं आहे की अख्ख्या पलटणीचं? एवढीशी पोर, हरवेल की ह्यात."

आणि म्हणता म्हणताच तिची नजर गोधडीवरून दारातून आत गेली, मोएरोआच्या पलंगावर. बरोबर तेवढीच लांबी. बरोबर तेवढीच रुंदी. तुआइनेनं जीभ चावली. आजीनं कापड कापलं होतं, तिनं मान वर केली नाही.

"हरवेल कशी?" मोएरोआ म्हणाली आणि कडेच्या पानापाशी खाली बसली. "शेजारी आई असेल ना."

बाया चहूबाजूंनी बसल्या. सुया चालू झाल्या. मोएरोआ दोरा ओवत होती, तो काही केल्या नेढ्यात जाईना. तिनं टोक ओलं केलं, पिळलं, पुन्हा पाहिलं. सुई दिसत होती, नेढं दिसत नव्हतं. तुआइनेनं तिच्या हातातून सुई काढून घेतली, उजेडात धरली, दोरा ओवला, गाठ मारली आणि परत तिच्या बोटांत दिली.